उस्ता बयूमीच्या आईचं नाव

आलेक्झांड्रियातल्या आमच्या अन्फूशीत माणसाचं काही लपून राहत नाही. कुणाची बायको रुसून माहेरी गेली, कुणाच्या मूळव्याधीला कुठला लेप लागू पडला, कुणाच्या थोरल्यानं परीक्षेत पुन्हा गटांगळी खाल्ली, हे सगळं मुअल्लिम खमीसच्या कॉफीखान्यात चहाच्या पेल्याआधी तुमच्या हातात पडतं. समुद्रावरचा वारासुद्धा आमच्या गल्लीत शिरला की चार घरी चौकशी करून मगच पुढं सरकतो. लपवायची म्हणून आम्ही पुरुष जन्मभर एकच गोष्ट लपवतो, आईचं नाव. शाळेतल्या पोरांना ते एकदा सापडलं की म्हातारपणी जनाज्यामागूनही तेच ओरडतील, अशी धास्ती. म्हणून पोरगं बोलायला लागलं की आधी एवढं शिकतं: आई ती आई. तिला नाव नसतं.

उस्ता बयूमीनं हे शिक्षण जरा जास्तच मनावर घेतलं होतं. साठी उलटली, आई जाऊन जमाना झाला, तरी तिचं नाव गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. ती उम्म बयूमी, म्हणजे बयूमीची आई, म्हणून जगली, उम्म बयूमी म्हणून गेली. दफनाच्या वेळी दुआ म्हणणाऱ्या फकीहानं नाव विचारलं, तर ह्यानं त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं. कॉफीखान्यातली आमची पिढी त्या एका नावासाठी टपून बसली होती. दुसरं काही काम नव्हतं असं नाही, पण हे जास्त महत्त्वाचं होतं.

धंदा घोडागाडीचा. किल्ल्यापासून मनशियाच्या चौकापर्यंत जोडपी फिरवायची, लग्नात नवरानवरीची वरात काढायची. घोडी पांढरीशुभ्र, नाव फुल्ला. "फुल्ला, दमानं! फुल्ला, लाज धर! फुल्ला, त्यो पोलीस हाय, त्याला चावू नगंस!" हा पुकारा आम्ही रोज सकाळी ऐकत आलो. माझं इस्त्रीचं दुकान कॉफीखान्याला लागून, त्यामुळे मी तर पहिला. बयूमी बायकोशी बोलायचा त्यापेक्षा घोडीशी जास्त बोलायचा, आणि ती बायको, उम्म बुसैना, म्हणायची की त्यात घोडीचंच नुकसान आहे.

तर ह्या माणसाच्या आयुष्यात आंतरराष्ट्रीय मानकं शिरली ती कोफ्त्याच्या वासानं.

युवा केंद्रात एक शिबिर लागलं होतं, जेवणात कोफ्ता. इंटरनेटवरचा खाजगीपणा, डिजिटल हक्क, त्यांची आंतरराष्ट्रीय मानकं, असा लांबलचक कापडी फलक. आत जाताना दारातच नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्राचा क्रमांक घेत होते आणि वरून फोटोही काढत होते. खाजगीपणा फुकट थोडाच मिळतो? बोलायला उस्ताजा जेरमीन नावाच्या बाई आल्या होत्या, कुठल्या कुठल्या देशांच्या सभांना जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, तुमची जी माहिती कामाला लागत नाही ती कुणी मागू नये. विचारल्याशिवाय तुमचं काही कुणी वापरू नये. आणि तुम्ही म्हणालात पुसा, तर पुसलं पाहिजे. हा तुमचा हक्क आहे, सगळ्या जगानं मान्य केलेला.

बाकीच्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की कोफ्ता गार होता. बयूमीनं मात्र प्रत्येक शब्द शुक्रवारच्या खुतब्यासारखा ऐकला. जगात आपल्यासारखी आणखी माणसं आहेत, आणि ती सभा भरवतात, हे कळून त्याला भरून आलं होतं.

पुढं थोड्या दिवसांनी मोबाइलचा दुकानवाला झकझूक त्याच्या मागं लागला. "उस्ता, आता लग्नाच्या गाड्या लोक फोनवर हुडकत्यात. तुमचं खातं काढू. सजवल्याली फुल्ला दाखवायची, वराती आपसूक येतील." खातं काढलं. सगळं भरून झालं आणि शेवटी यंत्रानं विचारलं: पासवर्ड विसरलात तर तुम्हाला ओळखायचं कसं? आईचं नाव सांगा.

झकझूकनं सभ्यपणानं तोंड फिरवलं. फोन पुढं केला. "तुमीच टाका. म्या बघत न्हाई."

"कंपनीला माझ्या आईशी काय करायचंय?" बयूमी उखडला. "सोयरीक जुळवायचीय का?"

"अवो उस्ता, सगळ्या जगाला हेच इचारत्यात."

"सगळ्या जगाला आया न्हाईत वाटतं!"

शेवटी तो फोन घेऊन गाडीच्या बाकावर चढला, इकडं तिकडं पाहिलं, आणि एका बोटानं टकटक करत काहीतरी लिहून खाली उतरला. मुद्रा अशी, की तिजोरी समुद्रात बुडवून किल्ली गिळून आलाय.

खातं चाललं मात्र झोकात. रिबिनी लावलेली फुल्ला, मोरपिसं खोवलेली फुल्ला, केक नाकारणारी फुल्ला. आलेक्झांड्रियातल्या निम्म्या होऊ घातलेल्या नवऱ्या ते बघायला लागल्या. आणि मग त्याच्या स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं.

बुसैना ही एकुलती एक. प्राथमिक शाळेत गणित शिकवते. केस झाकून, मान ताठ ठेवून चालते, आणि रस्त्यात वात्रट पोरंही तिला पाहिलं की पाढे म्हणायला लागतात. नवरदेव रशीद गावचा, माणसं बरी, लग्न गुरुवारी. सोमवारी मेंदी होती. मेंदीची रात्र बायकांची. पुरुष बाहेर, दार बंद, आत केस मोकळे, कमरा मोकळ्या. आणि हल्ली फोनची भीती, म्हणून उम्म बुसैना दारात कपडे धुवायचं घमेलं घेऊन बसली होती. आत यायचं तर फोन घमेल्यात, वर चादर. सख्ख्या बहिणीचासुद्धा तिनं सोडला नाही. "तू माझी भन हायस, तुझा फोन माझा कोन लागत न्हाई," म्हणाली.

एकच फोन आत गेला. गाणी लावायला काहीतरी हवं होतं, तर घरधन्याचाच जुना फोन विश्वासाचा म्हणून फडताळावर उभा करून ठेवला. कुणा मावशीनं दुसरं गाणं शोधताना बोट कुठंतरी दाबलं. झालं. विश्वासाचा फोन डोळा उघडून सगळ्या शहराला बुसैनाचा नाच दाखवायला लागला.

आम्ही कॉफीखान्यात बसलो होतो. झकझूकचा फोन वाजला. त्यानं पाहिलं, आणि निखारा पडावा तसा फोन मेजावर पालथा घातला.

"उस्ता," तो घसा खाकरत म्हणाला, "तुमचा... म्हंजे तुमच्या खात्यावर कार्यक्रम चालू झालाय."

"कसला कार्यक्रम? फुल्ला तर हितं हाय."

"म्या न्हाई बघितला. देवाशप्पथ. अर्धाच बघितला."

बयूमीच्या ध्यानात यायला एक घोट लागला. मग तो धावला. मी त्याच्या मागं. स्वतःच्या दारापाशी पोचला आणि थांबला. आत बाया उघड्या डोक्यानं, आत शिरायचं कसं? रीत म्हणजे रीत. दाराला तोंड लावून तो ओरडायला लागला, "या सातिर! या सातिर!" झाकणाऱ्या देवाला हाक मारली की आतल्या बाया सावरतात, डोकी झाकतात, मग पुरुषानं पाऊल टाकावं. पण आत ढोल चाललेला, ऐकतं कोण! हा बाहेर देवाला झाका झाका म्हणून विनवतोय आणि फोन आत उघडं उघडं करतोय. सगळं शहर आत होतं, फक्त बाप तेवढा परवानगीसाठी दारात उभा.

शेवटी उम्म बुसैनाला ऐकू आलं. तिनं फोनवर झडप घातली आणि घाबरून जे सापडेल ते दाबलं. प्रक्षेपण थांबलं, पण नाच खात्यावर जपून राहिला. खातं बंद होऊन पासवर्ड मागायला लागलं. तिनं आठवतील तेवढे चुकीचे पासवर्ड टाकले, तर यंत्रानं दारच लावून घेतलं. म्हणजे घरात शिरता येईना ते फक्त घरधन्याला. बाकी येणारेजाणारे खुशाल बघत होते.

बुसैना काही रडली नाही. ती गणिताची. खोलीत गेली, आतून कडी घातली आणि दाराआडून विचारलं, "बाबा, शिबिरात काय शिकून आला होतात? विचारल्याशिवाय काही नाही ना? मला कुणी विचारलं?"

"पोरी, म्या तरी कुठं इचारलं? त्यो फोन..."

"उद्या माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप बघतील. रशीदला सासरचे बघतील. तो नाच तिथून जाईपर्यंत मी हा उंबरा ओलांडणार नाही. गुरुवारी लग्नात नवरीच्या खुर्चीवर तुम्ही बसा."

आणि ती शब्दाची पक्की. सगळ्या गल्लीला माहीत.

मंगळवारी सकाळी बयूमी फुल्लाला जुंपून थेट उस्ताजा जेरमीनच्या कार्यालयात. मला बरोबर घेतलं, कारण शहाण्या माणसांसमोर एकटं बोलायची त्याला सवय नाही. मलाही नाही, पण दोघं मूर्ख असले की जरा धीर येतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"उस्ता बयूमी, हे फार महत्त्वाचं प्रकरण आहे! संमती, पुसून टाकण्याचा हक्क, कंपनीची जबाबदारी, सगळं एका घटनेत. मी हे पुढच्या परिषदेत मांडू का? तुमचं नाव कुठेही येणार नाही. 'बी नावाचे एक गृहस्थ, अन्फूशीतले गाडीवान, पांढरी घोडी' एवढंच."

"बाईसाहेब, अन्फूशीत पांढरी घोडी एकच हाय."

"मग घोडी करडी करू," त्या म्हणाल्या. बाई मनानं चांगल्या. "आता आपण तक्रार नोंदवू. मानकांप्रमाणे कंपनीला महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं."

"लगीन गुरुवारी हाय."

बाई विचारात पडल्या. "लग्न पुढे ढकलता येणार नाही का?"

बयूमी माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं. छताला एक फलक टांगला होता, त्यावर कुलूप काढलं होतं आणि कुलपाला डोळा.

पण बाईंनी एक काम केलं, ते नाकारता येणार नाही. कंपनीकडं एक सोय असते, आपण विनंती घातली की त्यांचं यंत्र फोन करतं, ओळख पटवतं आणि खातं उघडून देतं. बाईंनी ती विनंती घातली. लगोलग कंपनीचा निरोप आला: तुमचा खाजगीपणा आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. कृपया ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा, तुमचा चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून पाठवा. बयूमीनं टोपी काढून तिन्ही बाजू दाखवल्या. घोडी विकत घेताना गिऱ्हाईक दात बघतं, तेवढे दात बघायचे फक्त राहिले. मग निरोप आला, उद्या केव्हाही फोन येईल, एकदाच येईल, चुकला तर पुन्हा महिन्यानं.

बुधवार. बयूमीच्या घरात गावाकडच्या आत्या, मावश्या, चुलत्या तुडुंब. तिथं पुरुषाला बूड टेकायला जागा नाही. शिवाय फोनची बॅटरी मेलेली, तारेला बांधला तरच त्यात जीव. म्हणून हा कॉफीखान्यात, भिंतीतल्या खोबणीला तार लावून, वितभर दोरीच्या बकरीसारखा बसलेला. फुल्ला बाहेर गाडीला जुंपून उभी, तोबऱ्यात तोंड. आणि मुअल्लिम खमीसच्या कॉफीखान्यात त्या दिवशी जेवढी गर्दी, तेवढी फुटबॉलच्या अंतिम सामन्याला नव्हती. कारण झकझूक बोलून गेला होता की यंत्र बहुतेक आईचं नाव विचारतं.

दुपारी फोन वाजला.

"स्वागत आहे," एक गोड बाईचा आवाज आला. फोनचा कानाशी धरायचा भोंगा कधीच फुटलेला, म्हणून जे बोलायचं ते चव्हाट्यावर. "तुमच्या सुरक्षेसाठी, कृपया तुमच्या आईचं नाव सांगा."

डॉमिनोच्या सोंगट्या थांबल्या. हुक्क्यांची गुडगुड थांबली. रस्त्यावरचा काकडीवाला गाडी लावून आत आला.

"बोल बोल, उस्ता," मुअल्लिम खमीस म्हणाला, "आमी कान झाकल्यात." आणि दोन्ही हात गुडघ्यावरच.

बयूमीनं फोनवर पाठ वाकवली, तोंडापुढं ओंजळ केली आणि एक नाव कुजबुजला. मी शेजारी होतो, मला ऐकू आलं. सुरेख नाव होतं, जुन्या वळणाचं. ते तुम्हाला सांगायचं मला काही कारण नाही.

"उत्तर जुळत नाही," बाई म्हणाली. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"जुळत न्हाई?" बयूमी ओरडला. "माझी आई हाय, का तुझी?"

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो, पण असा रंग कधी बघितला नव्हता. त्याला आठवलं. गाडीच्या बाकावर बसून त्यानं खरं नाव लिहिलंच नव्हतं. कंपनी झाली म्हणून काय झालं, परकीच ना? कामाला लागत नाही ती माहिती कुणी मागू नये. मग त्यानं खोटं नाव लिहिलं. दुसऱ्या कुठल्या बाईचं लिहावं, तर ती कुणाची ना कुणाची आई, आणि असलं पाप तो करणार नाही. बाकावर बसल्यावर समोर दिसत होती ती एकच मादी, जिचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती.

त्यानं दारातून बाहेर पाहिलं. मग कॉफीखान्यातल्या आम्हा सगळ्यांकडं. नंतर गल्लीच्या टोकाला स्वतःच्या घराच्या बंद खिडकीकडं. ती खिडकी सोमवारपासून बंद होती.

ओंजळीत तोंड घालून तो पुटपुटला.

"मला नीट ऐकू आलं नाही. कृपया मोठ्यानं आणि स्पष्ट बोला. ही शेवटची संधी आहे."

बाहेर ट्रामनं नेमकी घंटी बडवायला सुरुवात केली. बयूमी उठला. तार होती तेवढी ताणली. छातीत वारा भरून घेतला आणि असा ओरडला, की किल्ल्यावरच्या कबुतरांनी जागा सोडली असेल.

"फुल्ला! माझ्या आईचं नाव फुल्ला!"

बाहेर फुल्लानं तोबऱ्यातून तोंड काढलं. धन्यानं हाक मारली, एवढंच तिला कळलं. गाडी खडखडवत ती सरळ कॉफीखान्याच्या दारात आली, मान आत घातली आणि खिंकाळली.

"धन्यवाद," यंत्रातली बाई म्हणाली. "तुमची ओळख पटली आहे."

हसणं कसं फुटलं ते सांगता येत नाही. काकडीवाला जमिनीवर लोळला. मुअल्लिम खमीसनं डोळे पुसून पुसून फडका भिजवला. "अल्ला तिला जन्नत देवो," तो म्हणत होता, "काय दात व्हते माउलीचे!" झकझूक तेवढा हसला नाही. खातं उघडल्याबरोबर त्यानं नजर दुसरीकडं ठेवून बयूमीचं बोट धरलं आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. बयूमीनं दाबलं. गेलं. त्यानं पुन्हा उघडून बघायला लावलं. नव्हतं. मग तो तसाच घोडीला वळवून घरी गेला. खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "पोरी, गेलं बघ." खिडकी उघडली.

कंपनीचं तक्रारीला उत्तर पुढं महिन्यानं आलं, तेही इथंच सांगून टाकतो. आपण म्हणता तो व्हिडिओ आमच्याकडे आढळत नाही, सबब आपल्या कुठल्याही हक्काचा भंग झालेला नाही. उस्ताजा जेरमीन म्हणाल्या, उत्तर मुदतीत आलं, ही मोठी प्रगती आहे.

पण व्हिडिओ गेला म्हणजे गोष्ट गेली, असं अन्फूशीत होत नसतं. बघणाऱ्यांनी बघितला होता, कुणी जपूनही ठेवला असेल. ते पुसायला कुठल्या मानकाचा हात पोचणार? बुधवारी संध्याकाळी मी इस्त्री फिरवत कान लावून बसलो, की आता पोरीच्या नाचाचं काय काय निघतंय. काहीच निघालं नाही. जो तो येत होता तो म्हणत होता, "घोडीचा पोरगा कुठंय?" मासळीबाजारात तेच, न्हाव्याकडं तेच. लहान पोरं टाचा आपटत चालली होती.

मला राहवलं नाही. मी त्याला गाठून म्हटलं, "उस्ता, लाज न्हाई वाटली?"

"वाटली की. अजून वाटतीय." तो खरारा फिरवत होता. "पर गल्लीला तोंड एकच. त्यात दोन घास एकदम मावत न्हाईत."

आणि तेव्हापासून हा माणूस, ज्यानं आईचं नाव जन्मभर जिभेखाली धरलं, स्वतःहून ती गोष्ट सांगत सुटला. लग्नाला आलेल्या गावाकडच्या पाहुण्यांना गाठून गाठून सांगितली, ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनाही. ऐकणारा जरा थंड दिसला तर आणखी तिखटमीठ लावून. कुठं कुणी "त्या मेंदीच्या रात्री म्हणे..." एवढं म्हटलं रे म्हटलं, की ह्याची मान वर आणि नाकपुड्या फुगलेल्या.

गुरुवारी बुसैना उंबरा ओलांडून बाहेर आली. मान ताठ, नेहमीसारखी. फुल्लाला मोत्यांच्या माळा घातल्या होत्या. बापानं पोरीला स्वतः गाडीत चढवलं, वरात समुद्राकाठच्या रस्त्यानं नेऊन आणली. जेवायला भाजलेला मासा, सयादिया भात, झिंगे. रशीदची मंडळी आमच्याच मेजावर होती. नवरदेवाचा मामा घास चावता चावता म्हणाला, "बाकी काही म्हणा, सोमवारी आमच्याकडं फोनवर एक..."

मेजाच्या टोकाला उस्ता बयूमीनं ताट बाजूला सारलं, मान मागं टाकली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा खिंकाळला.

मामाच्या हातातला झिंगा तसाच राहिला. बुसैनानं तोंडावर ओढणी दाबून धरली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हे... यांना काय झालं?" मामानं विचारलं.

"कुठं काय," मुअल्लिम खमीस त्याच्या ताटात भात वाढत म्हणाला. "आईवर गेलाय."